पाचोऱ्याची मुलं शीआनला

आमची शाळा पाचोरा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. अजिंठा जवळ, म्हणून शाळेची सहल फिरून फिरून तिकडेच जाते. डबे घेऊन सकाळी निघायचं, दिवेलागणीला परत. डिसेंबर २०१७ मध्ये सोळा नंबरच्या लेण्याखाली, पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती आहेत तिथे, मी नेहमीसारखा मुलांना सांगत होतो. ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्षू सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. डोंगरातल्या एका विहाराबद्दल लिहिताना त्याने दारापाशी उभ्या असलेल्या दगडी हत्तींचा उल्लेख केलाय आणि ते वर्णन अजिंठ्याचंच असावं असं अभ्यासक मानतात.

आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तो परत गेला का? जाताना आपल्याकडचं काय घेऊन गेला?"

मी सांगितलं, ६५७ ग्रंथ, घोड्यांवर लादून. इसवी सन ६४५ मध्ये तो छांगआनला पोचला. आज त्या गावाला शीआन म्हणतात.

"तिथे जाता येतं?"

"येतं," मी म्हणालो. पुढची दीड वर्षं त्या एका शब्दामागे गेली.

परदेश सहल म्हटलं की लोक विमान आणि हॉटेलबद्दल विचारतात. आमचा निम्मा जीव मात्र पाचोरा-जळगावच्या चकरांमध्येच गेला. एकोणीस मुलं तयार झाली आणि एकाच्याही घरात पासपोर्ट नव्हता. पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आम्ही जन्मदाखलाच धरला. ग्रामपंचायतीतून दाखले काढले तर सात मुलांच्या दाखल्यावर नावच नाही, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. जन्माच्या वेळी नोंद झालेली, बारसं नंतर झालं आणि नाव घालायचं राहून गेलं. आधी ती नावं घालून घ्यायची, मग आधारवरचं नाव त्याच्याशी जुळवायचं, मग शाळेच्या दाखल्याशी. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर प्रत्येकाचा वेगळा. एका मुलाच्या वडिलांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं होतं. असा बेत कुणी करणार असेल तर माझं हात जोडून सांगणं आहे, तिकिटाचा विचार नंतर करा, पहिल्या दिवशी सगळ्यांचे जन्मदाखले टेबलावर मांडून बघा. आम्ही ते तिसऱ्या महिन्यात केलं आणि त्याची किंमत शेवटी एका मुलीने मोजली. ते पुढे येईलच.

लहान मुलांच्या पासपोर्टाची फी हजार रुपये, मुदत पाच वर्षं किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. अर्जासोबत आईवडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं. दोघांना एका दिवशी मोकळं करणं म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत मोठंच काम. एका आईने अंगठा उठवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तठे मनी पोरले जेवाले भेटी ना?" खर्च, विमान, परका देश, यातलं काहीच तिने विचारलं नाही. मी भेटेल म्हटलं खरं, पण ते जेवण कसं भेटायचं याचा अभ्यास मी त्या रात्रीपासून सुरू केला.

मुंबईच्या व्हिसा केंद्रासाठी कागदांची दुसरी थप्पी. शाळेचं पत्र, बोनाफाईड, पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, दिवसावार कार्यक्रम, हॉटेलची बुकिंग, वडिलांच्या मिळकतीचा पुरावा. एजंटने आयकर विवरणपत्रं मागितली. आमच्या पालकांत बहुतेक शेतकरी, केळी नाहीतर कापूस. विवरणपत्र कुठून आणणार? शेवटी सातबारा, त्याचा इंग्रजी अनुवाद, बँकेचं सहा महिन्यांचं पासबुक आणि मुख्याध्यापकांचं एक सविस्तर पत्र जोडलं. ते चाललं. पहिल्या खेपेचे फोटो मात्र परत आले. फोटो ३३ बाय ४८ मिलिमीटरचा हवा, मागे पांढरं, आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. मुलींनी फोटोसाठी केस छान पुढे घेतले होते. सगळ्या पुन्हा फोटोवाल्याकडे.

एजंटने आखलेल्या कार्यक्रमात रेशमाचं दुकान, जेडचं दुकान, चहाचं दुकान अशा तीन 'भेटी' होत्या आणि रोज रात्री भारतीय जेवण. मी दुकानं काढायला लावली आणि त्या जागी एका शाळेत एक अख्खा दिवस मागितला. यावर महिनाभर घासाघीस चालली. माझ्या मते सगळ्या सहलीत आम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

त्या काळात दर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर तयारी चाले. चॉपस्टिक्स विकत आणण्याऐवजी तुराट्या सोलून घेतल्या आणि वाटीतले शेंगदाणे उचलायची शर्यत लावली. चार शब्द घोकले, 'नी हाव' म्हणजे नमस्कार, 'श्ये श्ये' म्हणजे आभार आणि सगळ्यात कामाचं 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी आहे. मांस, मासे, अंडी नकोत असं चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात होतं, कारण तिकडे अंड्याला बरेच जण मांसाहारात धरत नाहीत.

आणि मग निवडणूक आली. २३ एप्रिल २०१९ ला जळगाव-रावेरचं मतदान. आम्हा शिक्षकांना ड्यूटी, पोलिसांना बंदोबस्त. दाखल्यावर नाव घालण्यात जिचे दोन महिने गेले होते, तिच्या अर्जाची पोलिस पडताळणी नेमकी तेव्हाच अडकली. व्हिसाचे कागद मुंबईला गेले तेव्हा तिचा पासपोर्ट आला नव्हता. सोळा नंबरच्या लेण्यापाशी प्रश्न विचारणारी मुलगी हीच. मी तिच्या घरी गेलो. ओट्यावर बसून तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि आत जाऊन स्वतःची वही आणून दिली. तिथे काय काय बघायचं ते तिने पानभर लिहून काढलं होतं. "तुम्ही बघा आणि माले सांगा," म्हणाली. मी आणखी दोन महिने आधी जागा झालो असतो तर ती आमच्याबरोबर असती, हे मला आजही खातं.

६ मे ला अठरा मुलं आणि आम्ही तीन शिक्षक पाचोऱ्याहून मुंबईच्या गाडीत बसलो. स्टेशनवर गाव लोटलं होतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव, लाडू. एका आजीने केळीचा फणाच आणला होता. ताजी फळं तिकडे न्यायला बंदी आहे, म्हणून तो इगतपुरीच्या आत संपवला.

बेजिंगचं थोडक्यात सांगतो. राजवाडा भव्य, भिंत त्याहून भव्य, गर्दी आपल्या यात्रेसारखी. मुलं खूश होती, पण तो फोटोतला चीन होता. खरी अडचण पाण्याची निघाली. हॉटेलात, खाणावळीत, स्टेशनवर, जिथे तिथे प्यायला गरम पाणी. तिकडचे लोक बारा महिने तेच पितात. माठाच्या पाण्यावर वाढलेली आमची पोरं ते तोंडाला लावेनात आणि दुसऱ्या दिवशी दोघांची डोकी दुखायला लागली. मग रोज रात्री स्टीलच्या बाटल्यांत ते पाणी भरून ठेवायचं, सकाळी गार झालेलं असे. दुसरी अडचण फोनची. व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाही, पण आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं की चालतं. माझा एक फोन तसा ठेवला होता. रोज रात्री पालकांच्या ग्रुपवर अठरा मुलांचा एक फोटो आणि त्या दिवशी काय जेवले ते टाकायचो. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे आम्ही झोपायला जायचो तेव्हा गावात जेवणं चाललेली असायची.

बेजिंग ते शीआन सुमारे बाराशे किलोमीटर. डब्यातल्या पाटीवर ताशी ३०० चा आकडा लागला तेव्हा मुलं जागेवर उभी राहिली. त्यांनी पाहिलेली जवळची गाडी म्हणजे आमची पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटरची, तेव्हा धुळीतून डुलत जाणारी पीजे. एक जण खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "सर, गहू. आपल्यासारखाच." तास-दोन तास दोन्ही बाजूंना गहूच होता, अजून उभा.

चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघताना मुलं गप्प झाली. १९७४ मध्ये विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. कठड्याला टेकून एक मुलगा बराच वेळ खाली बघत राहिला. त्याच्या वडिलांनी त्याच वर्षी बोअर घेतलं होतं आणि ते कोरडं गेलं होतं. "त्यांना पाणी लागलं का, सर, त्या विहिरीला?" त्याने विचारलं. तिथे हजारो माणसं आली-गेली असतील, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोरालाच पडावा.

आता जेवणाचं, कारण मी एका आईला शब्द दिला होता. पहिले तीन दिवस मुलं भात आणि परतलेल्या भाज्यांवर होती, गोडसर, मिळमिळीत. दशम्या संपत आल्या होत्या. शीआनला एका छोट्या खाणावळीत आमच्यासमोर रुंद नूडल्सचे वाडगे आले. वर लाल तिखटाची ढेरी, लसूण, कांद्याची पात. मग आतून एक बाई कढई घेऊन आली आणि कडकडीत तेल तिने थेट त्या तिखटावर ओतलं. चर्रर्र झालं आणि तो वास उठला. सगळी मुलं एकदम तिच्याकडे बघायला लागली. तो वास आमच्या घरोघरच्या फोडणीचा होता. "आते चव उनी, सर!" एक पोरगा ओरडला. बाईला शब्द कळला नसेल, पण ती हसली आणि त्याच्या वाडग्यात आणखी तिखट घातलं. त्या रात्री ग्रुपवर मी फक्त वाडग्यांचा फोटो टाकला.

शाळेतला दिवस असाच लक्षात राहिला. सकाळच्या मधल्या वेळेत लाउडस्पीकरवर आकडे मोजणारा आवाज लागला आणि वर्गातली सगळी मुलं डोळे मिटून भुवया, कानशिलं, नाकाजवळची हाडं बोटांनी चोळायला लागली. तो डोळ्यांचा रोजचा व्यायाम. आमची मुलंही त्यात सामील झाली. जेवणानंतर वर्ग झाडणं, फळा पुसणं, सगळं मुलांनीच पाळीपाळीने केलं. शेन्शी प्रांतात लाल कागद कातरून खिडकीला लावायची चित्रं करतात, ती कला त्यांच्या मुलींनी आमच्या मुलींना शिकवली. आमच्या मुलींनी टिपऱ्या आणि भुलाबाईची गाणी म्हटली. भाद्रपद-आश्विनातली गाणी वैशाखात, पण हरकत कोण घेणार? अर्ध्या तासात दोन्ही शाळांच्या मुली एकाच फेरात होत्या.

शेवटच्या दिवशी रानहंसाच्या मोठ्या पॅगोड्याला गेलो. ह्युएन त्संगने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला इसवी सन ६५२ मध्ये तो बांधला. आज सात मजले, साधारण ६४ मीटर उंच. समोरच्या चौकात त्याचा मोठा पुतळा आहे, हातात भिक्षूची काठी. मी वही काढली आणि तिथे उभं राहून मुलीने लिहिलेलं पान मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ होती, 'तो म्हातारा झाल्यावर त्याला अजिंठा आठवत असेल का?' अठरा मुलांपैकी कुणीच काही बोललं नाही. मग एकाने पुतळ्यापाशी वही धरून फोटो काढायला सांगितला.

त्याच संध्याकाळी शहराच्या तटाखालच्या बागेत एक आजोबा मोठा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत होते. शाई नाही, रंग नाही, नुसतं पाणी. अक्षर थोडा वेळ चकाकायचं आणि कडेकडेने वाळत जायचं, तोवर त्यांचं पुढचं अक्षर पूर्ण झालेलं असे. त्यांनी ब्रश आमच्या मुलांच्या हातात दिला, मनगट धरून 'माणूस' हे अक्षर काढायला शिकवलं. दोनच रेघा, पण एकीचा आधार दुसरीला हवा, नाहीतर अक्षर पडल्यासारखं दिसतं. प्रत्येकाने काढलं. मुलांनी वर्गणी काढून दुकानातून तसाच एक ब्रश घेतला. ३० युआन, म्हणजे आपले सुमारे तीनशे रुपये.

पाचोऱ्याला उतरलो तेव्हा ऊन भाजून काढत होतं. दुसऱ्या दिवशी मुलं शाळेच्या ओसरीत जमली, ती मुलगीही आली. तिचा पासपोर्ट आम्ही शीआनमध्ये असतानाच पोस्टाने घरी आला होता, तो तिने दाखवायला आणला होता. बादलीत पाणी घेतलं, ब्रश तिच्या हातात दिला. मुलांनी तिचं मनगट धरलं, जसं त्या आजोबांनी त्यांचं धरलं होतं. शहाबादी फरशी इतकी तापलेली की दुसरी रेघ ओढेपर्यंत पहिली वाळून गेली. तिने ब्रश पुन्हा बुडवला, या वेळी भरपूर, आणि लवकर ओढली.