दोन खाचांची एसएसडी

एप्रिल अर्धा उलटला की देवगडात कुणालाच वेळ नसतो. त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात अप्पा वाकून आत शिरले. काखेत पंच्यात गुंडाळलेला लॅपटॉप.

"बघ रे जरा. काल रात्री चालू होतो, आता नुसतो काळो पडदो. वाशीची गाडी संध्याकाळी सुटतली, आणि कोणाच्या किती पेट्यो ता सगळा ह्येच्यात आसा."

अप्पा स्वतःच्या बागेबरोबर आजूबाजूच्या आठ-दहा जणांचा मालही पाठवतात. मी विचारलं, "दुसरीकडे कुठे कॉपी?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं विचारलंच नाही.

मागचं झाकण काढलं. आत अंगठ्याएवढी एसएसडी, म्हणजे सगळा डेटा साठवणारं कार्ड. लेबलावर २२३०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब. हा एम डॉट टूचा (M.2), म्हणजे अशा पट्टीसारख्या कार्डांचा, आकार. रुंदी बहुतेक वेळा तीच, लांबी मात्र ३०, ४२, ६०, ८०, ११० अशी बदलते. दुकानात सगळ्यात जास्त खपते ती २२८०, च्युइंगगमच्या लांब पट्टीसारखी. २२३० माझ्याकडे कधीच नसते. पातळ लॅपटॉप आणि हातात धरून खेळायची यंत्रं सोडली तर तिला गिऱ्हाईक नाही.

कार्डाच्या टोकाचे, जोडणीचे सोनेरी दात जरा काळपट दिसले. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत हे नेहमीचंच. खोडरबराने हलकेच घासले, पुन्हा लावली. एकदा बायोसमध्ये, म्हणजे चालू होताना लॅपटॉप आधी दाखवतो त्या सेटिंगमध्ये, दिसली, दोन मिनिटांत गायब. म्हणजे दुखणं दातांचं नव्हतं. आता दुरुस्ती नंतर, आधी हिशेब बाहेर काढायचा.

इथे पहिली अडचण. एसएसडी बाहेरून जोडायचं यूएसबीचं केसिंग माझ्याकडे होतं, पण साटा एसएसडीचं. अप्पांची होती एनव्हीएमई. कॉम्प्युटरशी बोलायच्या या दोन वेगळ्या पद्धती. या केसिंगच्या सॉकेटमधला उंचवटा एका टोकाला असतो, त्याला बी की म्हणतात. अप्पांच्या एसएसडीला खाच दुसऱ्या टोकाला, म्हणजे एम की. ती आत शिरलीच नाही. खरं तर खाचा असतात त्या याचसाठी, चुकीचं काही आत जाऊ नये म्हणून.

दुकानाचा डेस्कटॉप जुन्या अडीच इंची साटा एसएसडीवर चालतो, त्यामुळे त्याच्या बोर्डावरचा एम डॉट टू स्लॉट रिकामा होता. अप्पांची एसएसडी तिथे खोचली, तर शेपूट वर उचललं गेलं. ही कार्डं स्क्रूने दाबेपर्यंत तिरकीच उभी राहतात, आणि बोर्डावर स्क्रूची भोकं होती ४२, ६० आणि ८० वर. ३० वर काहीच नाही. मोबाइल दुरुस्तीची तपकिरी, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप काढली, दोन पट्ट्यांनी ती खाली बांधली आणि टेबलफॅन तिच्यावर सोडला. गरम झाली की ती पुन्हा गायब होईल अशी मला शंका होती. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि बाकी काही न बघता आधी हिशेबाचं फोल्डर उचललं.

अप्पा बाकावर बसून होते. "जमतला मा रे?" दर पाच मिनिटांनी.

फोल्डर पूर्ण उतरलं. फोटोंच्या मध्यावर एसएसडी खरंच गेली, ती परत दिसली नाही.

कॉपी चालू असतानाच कणकवलीच्या मित्राला फोन केला होता: "एम डॉट टू हवी, छोटी. एसटीने पाठव." एवढंच बोललो, आणि चूक इथेच झाली. दुपारी पार्सल आलं, २२४२. त्या लॅपटॉपात ३० आणि ४२ दोन्ही मापांना जागा होती, छान बसली, स्क्रू आवळला. बायोसमध्ये काही नाही. काढली, लावली. बायोस रीसेट केलं. बॅटरी सोडवून जोडली. अर्धा तास गेला, तेव्हा कुठे तिच्या दातांकडे नीट बघितलं. दोन खाचा.

दोन खाचांची एसएसडी बी आणि एम दोन्ही सॉकेटांत जाते. पण सॉकेटात जाणं वेगळं आणि चालणं वेगळं. ही साटा होती, आणि त्या लॅपटॉपाचा स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखणारा. वेगाचा फरक तर आहेच, साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० च्या आसपास. पण इथे वेगाचा प्रश्नच नव्हता, बोलीच निराळी होती. एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याने एकदा वायफाय कार्डाच्या जागी एमसाटा, म्हणजे जुन्या धर्तीची छोटी एसएसडी, बसवून आणली होती, कारण दोघांचं कनेक्टर दिसायला एकच. तेव्हा मी केवढा हसलो होतो!

याबाबतीत जुनी अडीच इंची बरी. १०० बाय ७० मिलिमीटरचा, ७ मिलिमीटर जाडीचा डबा, आत बोर्ड बऱ्याचदा अर्ध्याहून लहान, बाकी पोकळ. पण साटा लॅपटॉपात लावली की चालणार, खाचा मोजत बसायला नको.

चार वाजत आले होते. दुकानाचा जुना लॅपटॉप काढला, त्यात हिशेब टाकून अप्पांपुढे ठेवला. पेट्यांचे आकडे बघून त्यांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. मग माझं लक्ष त्या चुकीच्या एसएसडीकडे गेलं. साटा, दोन खाचा. सकाळी निरुपयोगी ठरलेल्या केसिंगमध्ये ती पहिल्या फटक्यात बसली. सगळा हिशेब तिच्यावरही उतरवला.

"ह्यो घ्या. दुसरी प्रत."

अप्पांनी केसिंग तळहातावर तोललं. "पाच वर्सांचो हिशोब ह्येच्यात? मावता तरी काय मगे?"

गाडी वेळेवर सुटली. बरोबर २२३० मुंबईहून यायला चार दिवस लागले. फोनवर या वेळी मी माप, खाच आणि एनव्हीएमई तिन्ही दोनदा वदवून घेतलं. ते केसिंग अप्पांनी परत आणलंच नाही. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा दिसलं, देवघराशेजारच्या फडताळात, सातबाऱ्याच्या फायलीवर ठेवलेलं.