तुम्ही विचारलंत म्हणून: विमान प्लास्टिकचं काहून दिसते?

फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमान रंगवायला, म्हणजे लिव्हरी करायला बसलेल्या नागपूरकरांचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "दादा, लोगो बरोबर आहे, रंग फोटोवरून उचलले, पॅनेलच्या रेघाही मारल्या. तरी विमान प्लास्टिकचं काहून दिसते?"

कारण सगळी मेहनत एकाच फाइलमध्ये गेलेली असते. रंगाची फाइल सिमला, म्हणजे सिम्युलेटरला, फक्त रंग सांगते. तो पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरबरीत, धातू आहे की रंग चढवलेला, हे दुसऱ्या फाइली सांगतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2020 मध्ये एका भागासाठी साधारण तीन टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायची चित्रं, असतात: नावात 'एएलबीडी' असलेलं रंगाचं, 'एनओआरएम' असलेलं उंचसखलपणाचं आणि 'सीओएमपी' असलेलं तिसरं. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे थर म्हणजे चॅनेल. या तिसऱ्याच्या लाल चॅनेलमध्ये खाचाखोचांतली सावली, हिरव्यात रफनेस (खरबरीतपणा) आणि निळ्यात मेटॅलिक (धातूपणा). प्लास्टिकचा रोग बहुतेक वेळा त्या हिरव्या चॅनेलमध्ये असतो. तिथे अख्ख्या विमानाला एकच राखाडी भरलेला असला की नाकापासून शेपटीपर्यंत ऊन सारखंच चमकतं. खरं विमान असं कधीच चमकत नाही.

म्हणून नवा रंग चढवण्याआधी हिरवा चॅनेल वेगळा उघडा. 0 म्हणजे आरसा, 255 म्हणजे खडू. धुऊन पुसलेल्या प्रवासी विमानाच्या बाजूंना 60 ते 80, धूळ बसणाऱ्या पाठीला आणि पंखांच्या वरच्या भागाला 110 ते 140, टायरला 200 च्या वर, इथून सुरुवात करा. मग त्यात मोठ्या ब्रशने, दहाबाराच्या फरकाचे ढगाळ डाग टाका. रंगाच्या फाइलमध्ये हे डाग अजिबात नकोत. नुसतं बघितलं तर काहीच दिसत नाही. विमान वळलं आणि उजेड सरकला की दिसतं, आणि तेवढ्यानेच अर्धं प्लास्टिक जातं.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमवाल्यांसाठी एक इशारा. तिथे ही रफनेसची माहिती नॉर्मल मॅपच्या (उंचसखलपणाच्या टेक्स्चरच्या) अल्फा, म्हणजे चौथ्या, चॅनेलमध्ये असते आणि ती उलटी असते: 255 म्हणजे चकचकीत. एका सिमची फाइल दुसऱ्यात नेताना चॅनेल इन्व्हर्ट (उलटा) केला नाही, तर टायर चमकतात आणि रंग खडूसारखा दिसतो. मेटॅलिकही तिथे निळ्या चॅनेलमध्येच येतं, पण ऑब्जेक्टच्या (विमानाच्या मॉडेलच्या) फाइलमध्ये नॉर्मल मेटलनेसची ओळ असली तरच.

आता रेघांचं. फोटो बघून पॅनेलच्या रेघा मारण्याआधी एक भागाकार करा. एअरबस ए320 ची लांबी 37.57 मीटर. अख्खं फ्यूजलाज (विमानाचं धड) 4096 पिक्सेलच्या शीटवर, म्हणजे टेक्स्चरच्या चित्रावर, लांबीने पसरलेलं असेल तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर. तिथल्या दोन पॅनेलमधली फट एकदोन मिलिमीटरची, वर सीलंट भरलेली. म्हणजे एका पिक्सेलची काळी रेघ ही खऱ्या फटीच्या कितीतरी पट जाड झाली. अशी रेघ मारायचीच तर 10 ते 15 टक्के ओपॅसिटीने (म्हणजे फिकट, आरपार दिसणारी) मारा आणि बाकीचं काम नॉर्मल मॅपवर सोडा. रिव्हेट तर या मापात काढूच नका. या विमानाचे रिव्हेट पत्र्याच्या सपाटीत बसवलेले असतात. एकेक ठिपका काढलात तर लांबून नुसती मुंग्यांची रांग लुकलुकेल.

फ्लाइंग क्लबमधलं छोटं सेसना 152 घ्या, हिशेब पालटतो. लांबी साधारण 7.3 मीटर, म्हणजे पिक्सेल 1.8 मिलिमीटरचा. इथे बऱ्याच रिव्हेटची डोकी पत्र्याच्या वर येतात, प्रत्येकाला दोनतीन पिक्सेल मिळतात, आणि ते काढले नाहीत तर पंख कागदाचा वाटतो. एकाच ब्रशने दोन्ही विमानं रंगवणारे इथे फसतात.

हाच भागाकार नोंदणीच्या अक्षरांना लावा. आपल्या विमानांवर व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे फ्यूजलाजवर किंवा उभ्या शेपटीवर अक्षरांची उंची किमान 30 सेंटिमीटर, पंखाखाली किमान 50. रुंदी उंचीच्या दोनतृतीयांश, रेघेची जाडी एकषष्ठांश. ए320 वर 30 सेंटिमीटर म्हणजे जेमतेम 33 पिक्सेल आणि रेघ साडेपाच पिक्सेलची. सेसनावर तीच अक्षरं 167 पिक्सेलची. फॉन्ट डोळ्याने लहानमोठा करत बसण्यापेक्षा हे आकडे घालून अक्षर बसवा. पंखाखालची नोंदणी डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला, अक्षरांचा माथा पंखाच्या पुढच्या कडेकडे. दोन्ही बाजूंना एकच टेक्स्चर आरशासारखं वापरणारं मॉडेल असेल तर उजव्या बाजूची अक्षरं उलटी येतील आणि त्याला रंगाने इलाज नाही. मॉडेलमध्येच वेगळी डेकल शीट (अक्षरं-लोगोंचं स्वतंत्र टेक्स्चर) आहे का ते आधी बघा.

तिरंगा मात्र सगळ्यांना छळतो. मोठ्या मापात झकास दिसणारा झेंडा सिममध्ये चिखल होतो, याचं कारण कॉम्प्रेशन. डीएक्सटी1 आणि डीएक्सटी5 या कॉम्प्रेशनच्या पद्धतींमध्ये चित्र 4 गुणिले 4 पिक्सेलच्या चौकटींत तुटतं. प्रत्येक चौकटीला दोनच मुख्य रंग मिळतात, बाकीचे त्या दोघांच्या मधले. केशरी आणि पांढरा एका चौकटीत आले तरी निभतं. पण पट्टी इतकी बारीक की केशरी, पांढरा आणि हिरवा तिन्ही एकाच चौकटीत आले, तर एकाचा बळी जातो. म्हणून झेंडा 72 गुणिले 48 चा घ्या. 3:2 हे प्रमाण जुळतं, प्रत्येक पट्टी बरोबर 16 पिक्सेलची होते, आणि झेंड्याचा वरचा डावा कोपरा शीटवर 4 ने भाग जाणाऱ्या जागी ठेवला की पट्ट्यांच्या सीमा चौकटींच्या सीमांवरच पडतात. ए320 च्या मापात हा झेंडा सुमारे 44 सेंटिमीटर उंच होतो. 16 पिक्सेलच्या पट्टीत अशोकचक्राचे चोवीस आरे बसणार नाहीत. निळं कडं, आतला मधला ठिपका आणि मधे फिकट निळसर छटा. लांबून चक्रच वाटतं. बीसी7 ही दुसरी पद्धत वापरता येत असेल तर तेच वापरा. जागा डीएक्सटी5 एवढीच घेतं, 4096 च्या शीटला 16 एमबी, आणि कडा कितीतरी स्वच्छ राहतात. कॉम्प्रेस न करता तीच शीट 64 एमबी खाते. अशा पाचसहा शीट झाल्या की मध्यम ग्राफिक्स कार्ड रडायला लागतं.

आता घाण. लोक एक 'ग्रंज' ब्रश घेऊन सगळीकडे फिरवतात आणि विमान भंगारातून आणल्यासारखं दिसतं. विमानावरच्या घाणीला दोनच दिशा असतात: उडताना हवेबरोबर मागे, उभं असताना पाण्याबरोबर खाली. प्रत्येक डाग कुठून निघाला हे ठरवल्याशिवाय ब्रश टेकवू नका. सेसनात इंजिनाच्या एक्झॉस्टची काजळी आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून येणारं तेल पोटाखालून मागे जातं. ते काळं कुळकुळीत नसतं, करडं-तपकिरी असतं आणि मागे जाताजाता विरतं. पंखावरच्या इंधनाच्या झाकणाभोवती हलका निळसर डाग द्या, कारण 100 एलएल या छोट्या विमानांच्या पेट्रोलला निळा रंग घातलेला असतो. दाराखाली आणि पायरीवर बुटांनी घासलेलं. पंखांच्या पुढच्या कडेवर किडे. प्रवासी विमानात मुख्य चाकांच्या खोबणीमागचं पोट सगळ्यात मळकं, थ्रस्ट रिव्हर्सरच्या (उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवणाऱ्या भागाच्या) कडेला काजळी, एपीयूच्या (शेपटीतल्या छोट्या इंजिनाच्या) तोंडाशी शेपटीला काळसर झाक. नाकाच्या रेडोमचा (रडारवरच्या टोपणाचा) पांढरा उरलेल्या पांढऱ्यापेक्षा किंचित वेगळा ठेवा. देखभालीत बदललेलं एखादं पॅनेलही असंच वेगळं दिसतं, पण अशी दोनच ठेवा.

आपल्याकडची धूळ काळी रंगवू नका. विदर्भातली काळी माती वाळून उडाली की करडी-तपकिरी दिसते, मुरमाची धूळ तांबूस. लाल 120, हिरवा 108, निळा 95 च्या आसपासचा रंग, 8 ते 12 टक्के ओपॅसिटी, आणि त्याच जागी रफनेस 30 ने वाढवलेला. रफनेस न वाढवता टाकलेली धूळ म्हणजे चमकणारी धूळ, आणि ती विमानाला परत प्लास्टिक करते.

उघड्या धातूचं विमान करायचं असेल तर नागपूरला साजेसा विषय आहे: रात्रीची हवाई टपालसेवा. 1949 साली सुरू झालेल्या या सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि परत फिरायची. त्यात डकोटा ही जुनी दोन इंजिनांची पंख्याची विमानं होती. डकोटाचा धातू राखाडी रंगाने रंगवू नका. मेटॅलिक चॅनेल 255, रंग 200 ते 225 च्या दरम्यानचा जवळजवळ पांढरा, आणि सगळी करामत रफनेसमध्ये: शेजारच्या दोन पत्र्यांत 15 ते 25 चा फरक, कारण प्रत्येक पत्रा वेगळा घासला जातो. जिथे रंगाचा पट्टा आहे तिथे मेटॅलिक सरळ 0. अर्धवट 128 ठेवलं की ना धड धातू, ना धड रंग.

संदर्भासाठी फोटो काढणार असाल तर मे महिन्याच्या दुपारी काढू नका. त्या उन्हात पांढरा फुटतो आणि सावल्या रंगात मिसळून येतात. जुलै-ऑगस्टमधला ढगाळ दिवस उत्तम. सावली नसल्याने पत्र्याचा खरा रंग मिळतो. सोनेगावच्या विमानतळाचा काही भाग हवाई दलाकडे आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका; प्रवासी विमानं बाहेरून, लांब लेन्सने, परवानगी असेल तिथूनच टिपा. फोटोतून उचललेला पांढरा 255 असला तरी टेक्स्चरमध्ये 235 ते 240 च्या वर जाऊ नका आणि काळा 30 च्या खाली नेऊ नका. त्यापलीकडे गेलात तर सिमच्या उजेडाला खेळायला जागाच उरत नाही.

सेव्ह करण्याआधी शीटवरच्या विमानाच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेबाहेर 8 ते 16 पिक्सेल रंग पसरवा. नाहीतर लांबून बघताना मिपमॅप (लांबून दाखवायला केलेल्या चित्राच्या लहान प्रती) शेजारचा पांढरा आत ओढतात आणि जोडावर रेघ उमटते.

आणि सगळं करूनही सिममध्ये काहीच बदललं नाही, तर रंगाला दोष देऊ नका. एक्स-प्लेनमध्ये एकाच नावाच्या पीएनजी आणि डीडीएस (कॉम्प्रेस केलेलं टेक्स्चर) अशा दोन्ही फाइली असतील तर डीडीएस उचललं जातं. तुमची नवी पीएनजी तिथे नुसती पडून असते. लिव्हरीच्या फोल्डरमधल्या फाइलचं नाव आणि आतलं फोल्डर मूळ विमानाशी अक्षरश: जुळलं पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये नवी फाइल टाकली की लेआउट जेसन, म्हणजे फाइलींची यादी, पुन्हा बनवा. त्यात नोंद नसलेली फाइल सिमला दिसतच नाही.