नितळ पाण्यातला फॉस्फरस

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका व्हाळावर (ओढ्यावर) वसंत बंधारा, म्हणजे फळ्या लावून उन्हाळ्यापुरतं पाणी अडवणारा बंधारा आहे. मेअखेर फळ्या काढायच्या आदल्या दिवशी, वर अडलेल्या गाळात फॉस्फरस किती साठलाय ते आम्ही मोजायला घेतलं. वरच्या अंगाला कुळागरं (पोफळीच्या बागा) आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची शेतं. डीएपी खताच्या 50 किलोच्या पोत्यात सुमारे 10 किलो फॉस्फरस असतो. पिकाने न उचललेला बराचसा जांभ्याच्या मातीतल्या लोहाला, अ‍ॅल्युमिनियमला चिकटतो आणि धुपीबरोबर व्हाळात उतरतो.

तळ काढलेलं पिंप गाळात रोवलं, आतलं पाणी काठीने जोरात ढवळलं, लगेच बाटली भरली. लिटरला 4 ग्रॅम गाळ आणि पाणी 30 सेंटिमीटर असेल, तर चौरस मीटरमागे 1.2 किलो गाळ. पिंपाच्या काठाखाली गोटा आला की फटीतून गढूळ पाणी निसटतं आणि आकडा खोटाच कमी येतो.

खरा धक्का फळ्यांलगतच्या खोल पाण्याने दिला. दिसायला नितळ, पण तळाशी काळा चिखल आणि कुजक्या अंड्यांचा वास. तिथल्या दोन बाटल्या घेतल्या. एक काठावरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आम्ल घातलं. दुसरी तशीच ठेवली. संध्याकाळपर्यंत दुसरीत नारिंगी साका बसला होता. ती मग गाळली. मग दोन्हींत मॉलिब्डेट घातलं; विरघळलेला फॉस्फरस जितका जास्त, तितका याने निळा रंग गडद येतो. पहिली गडद निळी झाली, दुसरी जेमतेम निळसर.

ऑक्सिजन संपला की गाळातलं लोह विरघळतं आणि धरलेला फॉस्फरस सोडतं. हवा लागली की तेच लोह गंजासारखं साकळून त्याला परत ओढतं. म्हणून असे नमुने प्रयोगशाळेत नेऊन गाळले, तर विरघळलेला फॉस्फरस फार कमी दिसतो. बाटल्या 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवाव्यात, साबण लावूच नये. त्यात फॉस्फेट असू शकतं.

फळ्या एकदम काढल्या, की हा सगळा ऐवज म्हादईत जातो. म्हादईचीच पुढे मांडवी होते; तिच्या खाऱ्या गाळात सल्फेटपासून सल्फाइड तयार होतं, ते लोहाला बांधून टाकतं आणि फॉस्फरस पुन्हा सुटतो. त्यापेक्षा आधी वरच्या फळ्या काढून पाणी उतरवावं, उघडा पडलेला गाळ उपसून वाळवावा आणि पोफळीच्या आळ्यांत घालावा. मात्र त्यातला फॉस्फरस लोहाने घट्ट धरलेला असल्याने झाडाला सावकाश मिळतो. पहिल्याच वर्षी खत बंद करू नये. खाणपट्ट्याखालच्या व्हाळाचा गाळ तपासल्याशिवाय बागेत टाकूच नये.