तुम्ही विचारलंत म्हणून : नीटच्या आधीचे ते दिवस

"बारावीपर्यंत एवढी हुशार होतीस, मग नीटच्या आधी महिनाभर केलंस काय?" मावशी विचारते, शाळेतले सर विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते. मी "नाही जमलं" म्हणून विषय संपवते. आज खरं सांगते.

मी मोहाची फुलं पडताना बघत होते.

आमच्या गोंदियाकडच्यांना मोह समजावून सांगायला नको. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन झाडं. कळायला लागल्यापासून मी आईबरोबर वेचायला जायची. त्या वर्षी तिनं मला मोकळं केलं. "तू अभ्यास कर वं, यंदा मी एकटीच वेचतो."

ती पहाटे चारला निघायची. मी लाइट लावून फिजिक्सचं पुस्तक उघडायची. रोटेशनल मोशन. पहिलंच गणित अडायचं आणि पोटात गोळा यायचा. दुसरं करून बघायचं धाडसच व्हायचं नाही. चार-पाच दिवस तशीच बसून काढले, मग एका पहाटे वही आणि टॉर्च घेऊन मागच्या दारानं निघाले. तिसरं झाड घरामागेच होतं आणि आई तिथं सगळ्यात शेवटी यायची. त्याआधी परतायचं, एवढंच ठरवलं होतं.

याला आळस म्हणू नका. आळसानं कुणी पहाटे चारला घराबाहेर पडत नाही. फांदीखाली जुनं पातळ अंथरायची आणि दर दहा मिनिटांनी फुलं मोजायची. सुरुवातीला सात-आठ, साडेपाचच्या सुमाराला साठ-सत्तर, ऊन वर आलं की जवळजवळ बंद. अंधार असेपर्यंत वटवाघळं यायची. ती फुलं खातात आणि पराग या झाडावरून त्या झाडावर नेतात.

एकदा वाकलेली डहाळी टॉर्चच्या उजेडात धरली. आपण ज्याला फूल म्हणून वेचतो ते अख्खं फूल नसतंच. खाली पडते ती नुसती मांसल, पिवळट कुपी, आत पुंकेसर चिकटलेले. देठाशी तपकिरी निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं वेष्टन, आणि कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दोऱ्यासारखी लांब दांडी, मागे राहते. फळ धरतं ते तिथं. म्हणजे आपण पडलेली फुलं कितीही वेचली तरी झाडाचं एक फळही कमी होत नाही. बाजूच्या कळ्यांतून तर उमलायच्या आधीच ती दोरी बाहेर डोकावत होती. दहा वर्षं वेचत होते, पण हे कधी दिसलं नव्हतं. माझे हात थरथरत होते.

त्याच सकाळी वेळेचं भान सुटलं. "अभ्यास झाला का वं?" मागून आवाज आला. आई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. पदर घामानं भिजलेला, बोटं चिकट, कमरेवर एक हात. दोन झाडांचं एकटीनं वेचून आली होती. मी तिसऱ्या झाडाखाली डहाळी धरून उभी, आणि पायाशी तिच्या वाट्याची फुलं. मी "झाला" म्हणाले. तिनं वहीकडे बघितलं, मान हलवली आणि घरी निघाली. खाली वाकलीच नाही. मला वाटलं, थकली असेल.

तेव्हाची मी स्वतःची समजूत घालायची, की हे बायोलॉजीच तर आहे, १८० पैकी ९० प्रश्न त्याचेच. त्या मुलीला मी आज खोटारडी म्हणते. बायोलॉजी तिचं तयारच होतं. ती पळत होती फिजिक्सच्या ४५ प्रश्नांपासून. पेपरात त्यातले १७ सोडवले, ९ चुकले, चुकीमागे एक गुण कापला जाऊन हाती २३ आले. पण डहाळी हातात धरल्यावर झालेला आनंदही खोटा होता असं कुणी म्हणालं, तर मी भांडेन. घरी बसले असते तर गणितं सुटली असती का? कधी वाटतं हो, कधी वाटतं पुस्तकापुढे नुसती बसूनच राहिले असते.

गेल्या दिवाळीला आवराआवरीत ती वही सापडली. पुढून माझे फुलांचे आकडे. मागच्या कोऱ्या पानांवर आईनं वेचलेल्या टोपल्यांचा हिशेब ठेवला होता, तारीख आणि पुढे रेघा. आधीच्या सगळ्या दिवसांना तीन रेघा. त्या सकाळपासून नीटची परीक्षा होईपर्यंत रोज दोन.

तिसरं झाड तिनं सोडून दिलं होतं. मी तिथं अभ्यास करते, असं समजून.