दोन किलो जिलेबी आणि प्रोटोटाइप

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत सराफ्यातल्या जिलेबीचं बिल काढणारं एक फंक्शन घ्या: डबल किंमत(डबल वजन, डबल भाव). डबल म्हणजे दशांश आकडा. ते हिशेब.सी या फाइलमध्ये आहे. मेन.सी मधून ते किंमत(2, 400) असं कॉल केलंय, पण तिथे त्याचा प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं हे आधी सांगणारी ओळ, नाही. जीसीसी या कंपायलरच्या 13 व्या आवृत्तीपर्यंत यावर नुसती वॉर्निंग येते, प्रोग्राम बनतो आणि बिल भलतंच निघतं.

कारण असं. प्रोटोटाइप नसेल तर कंपायलर धरून चालतो की फंक्शन इंट (पूर्णांक) परत देतं, आणि 2, 400 जसे आहेत तसे इंट म्हणूनच पाठवतो. 64-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या लिनक्सवर इंट वेगळ्या रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांतून) जातात, डबल एक्सएमएम रजिस्टरांतून. किंमत() आपले आकडे एक्सएमएममध्ये शोधतं आणि तिथे आधीचं जे काही पडलेलं असेल ते उचलतं. परत येतानाही तीच गत. 2.0 आणि 400.0 लिहिलं तर जाताना जमेल, येताना नाही. प्रोटोटाइप असला की 2 चा 2.0 कंपायलर स्वतः करतो. म्हणजे ती ओळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नाही, रूपांतराचा हुकूम आहे.

फंक्शन त्याच फाइलमध्ये खाली लिहिलं असेल तर टाइप जुळत नाहीत म्हणून सरळ एरर येते. ही चूक परवडली.

सी भाषेच्या सी99 या प्रमाणाने ही गृहीत धरायची सवय 1999 मध्येच काढून टाकली होती. जीसीसीने मात्र 2024 च्या 14 व्या आवृत्तीत तिची एरर केली.

रिकाम्या कंसाचाही असाच घोळ. जुन्या सीमध्ये इंट मोज(), म्हणजे «आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायचे आकडे) नाहीत» असं नाही, «किती, कोणती, सांगितलेलं नाही» असं. तिथे मोज(5, 7) सुद्धा चालून जातं, आणि जाताना कॅर, शॉर्टचा इंट होतो, फ्लोटचा डबल. काहीच घ्यायचं नसेल तर कंसात व्हॉइड लिहा. सी23 या नव्या प्रमाणात रिकामा कंस व्हॉइडच झालाय, आणि जीसीसी 15 मुळातच त्या नियमाने चालतो, म्हणून जुन्या झेरॉक्स नोट्समधले प्रोग्राम तिथे अडतात.

प्रोटोटाइप हेडर फाइलमध्ये (अनेक फाइलींना सामायिक अशा .एच फाइलमध्ये) ठेवा आणि ती हिशेब.सी मध्येही इन्क्लूड करा. नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. उद्या भाव फ्लोट केला आणि हेडर तसंच राहिलं, तर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) काही बोलणार नाही, कारण सीमध्ये त्याला नाव कळतं, टाइप नाही. सी++ मध्ये टाइप नावातच गुंफलेला असतो, म्हणून तिथे तो अडवतो. इन्क्लूड असेल तर कंपायलरच दोन्ही ताडून पाहतो.

प्रोटोटाइपलाही सगळं दिसत नाही. किंमत(400, 2) त्याला तितकंच मान्य. अनसाइन्ड (ऋण आकडे न घेणाऱ्या) इंटच्या जागी -1 दिला तर 32-बिट इंटमध्ये तो गुपचूप 4294967295 होतो. कंपायलरला -डब्ल्यू-साइन-कन्व्हर्जन (-Wsign-conversion) हा पर्याय दिला तरच तो कुरकुरतो.

आणि पडद्यावर छापणारं प्रिंटएफ. त्याच्या प्रोटोटाइपमधल्या तीन टिंबांपुढे (म्हणजे «इथून कितीही, कोणतेही») टाइपचा धाक संपतो. %एफ लिहून 2 दिला तर तो 2.0 होत नाही, जिलेबीच्या बिलासारखाच इंटच्या रजिस्टरात बसून राहतो. तिथे -डब्ल्यू-ऑल (-Wall) चालू ठेवा, ते फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट ताडून पाहतं.