अमेरिका की इथेच? पायलट ट्रेनिंग ठरवताना माझे दोन वर्ष कसे गेले

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातली. घरी केळी, म्हणजे एका वर्षी हातात पैसा असतो आणि पुढच्या वर्षी एका वादळात सगळा बाग आडवा. त्यामुळे बारावीनंतर पायलट व्हायचंय म्हटल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, आधी हसले, मग किती लागतील विचारलं, मी पन्नास लाख म्हटलं तर गप्पच झाले. आजी मात्र गप्प बसणारी नाही, ती म्हणे, "वावर इकीसन आभायमा उडशी का वं माय?" म्हणजे शेत विकून आभाळात उडशील का गं?

आईची भीती वेगळी होती. 2021 च्या जुलैमध्ये आमच्याच तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सरावाचं विमान पडलं होतं, इन्स्ट्रक्टर गेले आणि शिकणारी मुलगी जखमी झाली, गावातल्या लोकांनीच तिला झोळी करून खाली आणलं. मी तेव्हा शाळेत होते. आईला अजून विमान म्हटलं की तेच आठवतं. तिचं म्हणणं होतं की शिकायचंच असेल तर अमेरिकेत शीक, तिथले विमानं चांगले असतील. आणि काकांचं बरोबर उलटं, धुळ्याला, शिरपूरला, जळगावला दारात फ्लाईंग स्कूल असताना ही सातासमुद्रापार कशाला चालली?

यात मी एकच काम डोकं लावून केलं, ते म्हणजे कोणालाही पैसे द्यायच्या आधी मेडिकल. आधी पुण्यात क्लास टू ही पहिली तपासणी, मग बंगळूरला हवाई दलाच्या संस्थेत क्लास वन, ही जास्त कडक. मला चष्मा आहे म्हणून धाकधूक होती पण नंबर मर्यादेत बसला. तिथे रांगेत एक मुलगा भेटला, त्याने फी आधी भरून टाकलेली आणि कलर व्हिजनमध्ये अडकला, त्याच्या वडिलांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

मग घरी बसून डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे, पेपर. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येकात 70 टक्के लागतात आणि मला नेव्हिगेशनमध्ये पहिल्यांदा 66 पडले. रडले, परत दिला, निघाला. परदेशातून लायसन्स आणलं तरी भारतात उडायला ते कन्व्हर्ट करावं लागतं आणि त्यासाठी इथले पेपर असतातच, फक्त कमी असतात, त्यामुळे हा अभ्यास वाया जाणारच नव्हता. दिवसा लाईट नसायची म्हणून पहाटे चारला उठून अभ्यास. मेटमध्ये हवा तापली की विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते आणि धावपट्टी जास्त लागते हे वाचताना मला हसू यायचं, बाहेर 44 डिग्री आणि आमच्या जळगाव जिल्ह्यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार!

एजंट याच काळात भेटला. पुण्यात ऑफिस, एसी, भिंतीवर विमानांचे फोटो. म्हणे दहा महिन्यात अमेरिकेहून सगळं करून परत. मी 50 हजार बुकिंग भरून आले, आबांनी केळी विकून आलेल्या पैशातून दिले होते. घरी येऊन त्याचा कागद नीट वाचला तर त्यात डॉलर 83 रुपयांनी धरलेला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत मी हिशोबाला बसले तेव्हा तो 87 वर. 40 हजार डॉलरवर चार रुपये म्हणजे 1 लाख 60 हजार नुसते हवेत. शिवाय तिथे प्रत्येक लायसन्सच्या टेस्टला परीक्षक वेगळी फी घेतो, राहणं-खाणं वेगळं, परत आल्यावर इथल्या विमानावर दिवसाची आणि रात्रीची टेस्ट, त्याचे पैसे वेगळे. एकही आकडा कागदावर नाही.

पण खरी गोष्ट तासांची होती. भारतात सीपीएलला, म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या कमर्शियल पायलट लायसन्सला, 200 तास उडावं लागतं, त्यातले 100 पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर असताना, शिवाय 300 नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळांवर उतरत केलेली लांबची फेरी, आणि रात्रीचे 5 तास ज्यात 10 टेकऑफ-लँडिंग पाहिजेत. तिकडचा कोर्स तिकडच्या नियमाने बनवलेला असतो. त्यांचं लायसन्स मिळेल पण आपल्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, कमांडचे तास कमी पडले तर परत आल्यावर ते इथे भाड्याच्या विमानावर भरावे लागतात. मी एजंटला एवढंच म्हटलं, की हे सगळं तुमच्या पॅकेजात बसतं असं लिहून द्या. आठ दिवस आज करतो उद्या करतो, मग फोनच घेईना. बुकिंग नॉन-रिफंडेबल. गेले 50 हजार. आबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

बँकेचंही तसंच. साडेसात लाखाच्या वर तारण पाहिजे आणि आमच्याकडे सातबारा आहे, तर साहेब म्हणे शेतजमीन चालत नाही, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट आणा. शेवटी मामांचा चोपड्यातला प्लॉट लागला. मामी अजून थोडी फुगलेली आहे.

भारतात राहायचं म्हटलं तरी कुठे? काकांचा हट्ट होता की जवळच. मला घराच्या एवढं जवळ नको होतं, प्रत्येक फ्लाईटला आई गच्चीवर उभी राहिली असती. मी आणि आबा चार ठिकाणी जाऊन आलो आणि ऑफिसात न जाता आधी बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायचो. मुलांना एकच विचारायचं, मागच्या महिन्यात किती तास उडालास? एका ठिकाणी ब्रोशरमध्ये विमानं भरपूर पण मुलगा म्हणे ताई महिनाभरात चार तास झाले, निम्मे विमानं हँगरमध्ये पार्टची वाट बघतायत. दुसरीकडे विमानं चालू पण इन्स्ट्रक्टर सोडून गेलेला. जिथे तीन वेगवेगळ्या मुलांनी पंधरा-अठराच्या आसपास सांगितलं तिथे आबा स्वतःच म्हणाले, चल आत. नाव लिहीत नाही, कारण सहा महिन्यांनी तिथली परिस्थिती वेगळी असू शकते, तुमचं तुम्ही टपरीवर विचारा. 2025 च्या ऑक्टोबरपासून डीजीसीएने स्कूल्सचं रँकिंग चालू केलंय, आमच्या वेळी ते नव्हतं, ते पण बघा पण टपरी सोडू नका.

अमेरिका वाईट असं माझं म्हणणं नाहीये. माझ्यासोबत पेपर दिलेली एक मैत्रीण गेली, तिला तिथे आकाश मोकळं मिळालं, तास पटापट झाले, पण परत येऊन आता कन्व्हर्जनच्या कागदांमागे फिरतेय. माझे इथे पावसाळ्यात तीन आठवडे नुसते ढग बघण्यात गेले. दोघींचे महिने मोजले तर फारसा फरक पडेल असं वाटत नाही, तिच्या मागे नुसता कर्जाचा आकडा मोठा आहे.

सध्या माझे 62 तास झालेत, पहिला सोलो, म्हणजे एकटीने उडणं, झाला, आईला तो दुसऱ्या दिवशी सांगितला. परवा त्याच एजंटचा मेसेज आला, आता न्यूझीलंडची ऑफर आहे म्हणे, बुकिंग फक्त 50 हजार.