घरातलीच

जानेवारीतला ग्वाल्हेरचा कोहरा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको (धुकं म्हणायला हवं खरं, पण आम्ही इथल्या लष्कर भागातली मराठी माणसंही कोहराच म्हणतो). त्या दिवशी बाड्यावरून, म्हणजे इथल्या मुख्य चौकातून, स्कूटी काढली तर पुढची ई-रिक्षा अगदी जवळ गेल्यावर दिसली, हेल्मेटची काच सारखी पुसत पुसत कशीबशी पोचले. थंडीमुळे शाळेची वेळ उशिराची केलेली होती तरी अकरावीच्या 42 पैकी 14 मुलं आलेली, मफलर गुंडाळून एकमेकांना चिकटून बसलेली. एवढ्या मुलांत पुढचा धडा घेऊन उपयोग नाही, म्हणून म्हणलं चला, आज फ्रँकेनस्टाइनच वाचू.

हे पुस्तक आमच्या कोर्सला नाहीये. मीच हट्टाने वाचनाच्या तासाला लावलंय. दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे झेरॉक्स काढून वाटता येतं. आणि मुलांना भूत, प्रेत, स्मशान म्हणलं की कान टवकारतात हे 19 वर्षं इंग्लिश शिकवून मला पक्कं माहितीये. सुरुवातीला सगळ्यांचं तेच होतं, हिरवा चेहरा, मानेत बोल्ट, तो फ्रँकेनस्टाइन. मग कळतं की फ्रँकेनस्टाइन हे तर बनवणाऱ्याचं नाव, ज्याला बनवलं त्याला पूर्ण पुस्तकात नावच नाही, तेव्हा वर्गात एकदम चुळबुळ होते. आणि मेरी शेलीने हे लिहायला घेतलं तेव्हा ती फक्त 18 वर्षांची होती, हे सांगितलं की मुली तर ताठ बसतात. 1815 साली इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने आणि वायूंनी पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही, नुसता पाऊस आणि गारठा, आणि जिनिव्हाच्या तळ्याकाठी घरात अडकून पडलेल्या मेरी आणि तिच्या मित्रमंडळींनी ठरवलं की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. त्यातून हे झालं. खिडकीबाहेर समोरचं ग्राउंडसुद्धा दिसत नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी हे सगळं मुलांना चांगलंच पटलं असावं.

आठवं प्रकरण होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनचा लहान भाऊ विल्यम याचा खून होतो. खून केलाय व्हिक्टरने बनवलेल्या त्या प्राण्याने. पण पकडली जाते जस्टिन, घरात कामाला असलेली मुलगी, कारण विल्यमच्या गळ्यात असलेलं आईचं छोटं चित्र तिच्या कपड्यांत सापडतं, जे त्या प्राण्यानेच तिथे ठेवलेलं असतं. व्हिक्टरला खरं माहिती आहे. तो कोर्टात बसून राहतो आणि काही बोलत नाही, का तर लोक वेडा म्हणतील. न्यायाधीशांची मतं पडतात, सगळी काळी, म्हणजे दोषी. जस्टिन गुन्हा कबूलही करते, आणि तिला फाशी होते.

इतकी वर्षं मी हे प्रकरण भराभर उरकत आलेय. पुढे तो प्राणी स्वतः बोलायला लागतो, स्वतःची गोष्ट सांगतो, ते मला फार आवडतं, त्यामुळे जस्टिन म्हणजे तिथवर पोचायचा रस्ता, असंच माझ्या डोक्यात होतं.

एका मुलाने मध्येच विचारलं, "मैम, जब किया ही नहीं तो कबूल क्यों किया?" म्हणलं पुढे वाच. तो वाचायला लागला. तुरुंगात जस्टिन सांगते की मी खोटंच कबूल केलं, पाद्री सारखा मागे लागला होता, धमक्या देत होता, नरकाची भीती घालत होता, इतकं की तो म्हणतो तशी राक्षस मीच आहे असं मला जवळजवळ वाटायला लागलं. मुलगा तिथे थांबला. मॉन्स्टर हा शब्द त्याने परत एकदा वाचला. आम्ही दोन आठवडे राक्षस कोण, राक्षस कोण करत होतो, फळ्यावर दोन रकाने पाडून झाले होते, एकात व्हिक्टर, एकात तो प्राणी. तिसऱ्या कोणाचं नाव कोणाच्या मनातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, मराठीत. आमच्या वर्गात मराठी कोणी बोलत नाही, चार-पाच मुलं आहेत मराठी घरातली पण तीही शाळेत हिंदीच बोलतात. ही मुलगी तर तशी काहीच बोलत नाही, हजेरीला "प्रेझेंट मैम" एवढाच तिचा आवाज मला माहीत.

"मॅडम, ते चित्र शोधलं कोणी?"

मी पान उलटून बघितलं. जस्टिन आजारी पडलेली असते, तेव्हा घरातलाच दुसरा एक नोकर तिचे कपडे तपासतो, दुसऱ्याला दाखवतो, आणि तो घरच्यांना न विचारता सरळ मॅजिस्ट्रेटकडे जातो. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. दर वर्षी वाचते मी हे.

"नोकरानेच ना," ती म्हणाली. "मालकांनी हात पण लावला नाही. जो शोधून देतो ना मॅडम, त्याच्यावरचा शक जातो. म्हणून शोधतात."

मग तिने सांगितलं, तसंच बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता डेस्ककडे बघत. तिची आई चार घरी पोळ्या करते. एका घरी सोन्याची चेन सापडेना. कोणी चोर म्हणलं नाही, आवाज चढवला नाही, फक्त पिशवी दाखवा म्हणले. आणि हे सुचवलं कोणी तर त्याच घरातल्या भांडीवालीने. दोन दिवसांनी चेन वॉशिंग मशीनमध्ये निघाली, मग फोन आला की मनात काही ठेवू नका, तुम्ही तर आमच्या घरातल्याच. आई परत गेली. "पगार व्हायचा होता," एवढंच म्हणाली ती.

ज्या मुलांना मराठी येत नव्हतं त्यांनी शेजारच्यांना हळूच विचारून घेतलं. हसलं कोणी नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सोळा-सतरा वर्षांची मुलं कठोर असतात असं आपण फार सहज बोलून जातो.

मला मात्र आठवलं ते सहावं प्रकरण. त्यात व्हिक्टरची होणारी बायको एलिझाबेथ हिचं पत्र आहे, ती लिहिते की जिनिव्हात राजेशाही नाही म्हणून इथे नोकर म्हणजे फ्रान्स-इंग्लंडसारखे नोकर नव्हेत, इथे माणसामाणसांत तेवढा फरक नाही, आणि जस्टिन आम्हाला किती लाडकी. मागच्याच आठवड्यात मी त्यावर फळ्यावर समता वगैरे लिहून चांगली दहा मिनिटं बोलले होते, आणि ही मुलगी तेव्हाही तिथेच बसली होती.

तास संपत आला तेव्हा तिनेच विचारलं, "व्हिक्टरने नंतर तरी सांगितलं का कोणाला?" म्हणलं हो, सांगितलं. एका मॅजिस्ट्रेटला सगळं सांगतो तो. पण ते कधी, तर लग्नाच्या रात्री स्वतःची बायको मारली गेल्यावर.

"म्हणजे त्याचं माणूस गेल्यावर."

घंटा झाली. मी स्टाफरूममध्ये गेलेच नाही, रिकाम्या वर्गात बसून राहिले.

कारण आमच्याकडेही मावशी होत्या. आपण मराठी लोक मावशीच म्हणतो ना, नाव घेत नाही. 2014 साली माझ्या मुलाचं उष्टावण झालं, त्याला माहेरून चांदीची वाटी आली होती, ती दिसेनाशी झाली. आमच्याकडेही कोणी काही बोललं नाही. सासूबाई फक्त म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका, आता आम्ही घरीच करू. मावशी सगळं समजल्या, मोरीत हात धुतले, पदराला पुसले आणि गेल्या. दिवाळीच्या साफसफाईत देवघराच्या खालच्या खणात, कापसाच्या वस्त्रांच्या डब्यात वाटी निघाली. मी म्हणलं मावशींना सांगायला हवं. हे म्हणाले आता चार महिने झाले, कशाला जुनं उकरायचं. तोवर दुसऱ्या बाई आलेल्या होत्या. मी गप्प बसले. आणि गप्प बसले हे विसरूनही गेले, ते तर अजून वाईट.

रविवारी जनकगंजला गेले. घर साधारण माहीत होतं, गल्लीत दोन ठिकाणी विचारावं लागलं. जाताना गजक (इथली तिळाची मिठाई) घेतली होती एक किलो, पण दारापर्यंत आल्यावर तो डबा हातात धरवेना, परत जाऊन स्कूटीच्या डिकीत ठेवला. मावशी आता सत्तरीच्या असतील, ओट्यावर बसून मटार सोलत होत्या. लगेच ओळखलं मला. वहिनी या म्हणाल्या.

मी बसले आणि पहिलंच वाक्य ते बोलले, नाहीतर परत राहून गेलं असतं. म्हणलं, मावशी, ती वाटी सापडली होती. त्याच दिवाळीत. आम्ही सांगितलं नाही.

त्यांचा हात थांबला नाही, सोलणं चालूच.

"कुठे सापडली?"

"देवघरात. वस्त्रांच्या डब्यात."

आता थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "देवघरात काकूंनी मला हात कुठे लावू दिला वहिनी," म्हणाल्या. "सहा वर्षांत एकदा पण नाही."

मला काही बोलता येईना. शेंगांची पाटी आमच्या मधे होती, मी पण सोलायला घेतलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, बाळ कितवीत आहे आता. म्हणलं सहावीत. मटार खातो का, म्हणाल्या.